सरजाबाईचा मुराळी

सरजाबाईला नवं माणूस भेटलं की ती आधी गाव विचारते, मग नाव. नाव नाही सांगितलं तरी तिचं अडत नाही. आमच्या गल्लीत राहायला आली त्याच दिवशी माझ्या दारात उभी राहून तिनं विचारलं, तुमचं माहेर कुठलं, बाई? मी शाळेतून दमून आले होते. नांदेड, एवढंच म्हणाले आणि दार लोटायला लागले. तर म्हणते, नांदेड काही लई लांब न्हाई, भाऊ येत आसंल की न्यायला.

माझा भाऊ रेणुकादास नांदेडला सरकारी कचेरीत आहे. दिवाळीला तो फोन करतो, संक्रांतीला मी करते, आणि दोघंही बिल वाढायच्या आत ठेवून देतो. न्यायला वगैरे तो कधी आला नाही आणि मीही त्याची वाट बघत बसले नाही. एसटी असताना भाऊ कशाला लागतो, असं माझं मत होतं. शाळेत जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलं, त्यामुळे मला नात्यांपेक्षा नियम बरे वाटतात. नियम निदान छापलेले असतात. आमचे राघवेंद्रराव याला खडूसपणा म्हणतात. म्हणोत बापडे.

सरजाबाई तेरणेकाठच्या एका गावची. लग्न होऊन चाकूर तालुक्यात गेली. नवरा अण्णाराव, घरची शेती, ट्रॅक्टर स्वतः चालवणारा, बोलणं मोजकं. पोरं मोठी झाली तेव्हा लातूरचं नाव बोर्डाच्या निकालात गाजायला लागलं होतं. दर जूनमध्ये स्टँडवर ट्रंका आणि गाद्या घेऊन पोरं उतरायची. ज्याच्या घरात दोन खोल्या रिकाम्या त्यानं वसतिगृह काढलं, ज्याच्याकडे पत्र्याचं शेड त्यानं क्लास. अण्णाराव आपली दोन पोरं घेऊन आले ते इथलेच झाले. घरच्या पोरांबरोबर त्यांच्या मित्रांना वाढता वाढता सरजाबाईची मेस झाली. तिच्या मेसमध्ये पोरांना मार्कांवरून कुणी छेडायचं नाही, पण सुट्टी लागली की प्रत्येकाला एक प्रश्न ठरलेला: न्यायला कोण येणार? कुणाचा बाप आला, कुणाचा काका आला, की त्या माणसाला ती न जेवता जाऊ द्यायची नाही. त्याच्यासमोर पाट मांडून बसायची आणि बघत राहायची. ते बिचारे संकोचून चार घास कमीच खायचे.

हे वेड कुठून आलं, ते मला पहिल्या पंचमीलाच कळलं.

आमच्या मराठवाड्यात पंचमी, म्हणजे नागपंचमी, हा सासुरवाशिणींचा सण. भाऊ नाहीतर बाप घरी येतो आणि लेकीला माहेरी घेऊन जातो. त्या न्यायला आलेल्या माणसाला मुराळी म्हणतात. मुराळी आला म्हणजे सासूनंसुद्धा अडवायचं नसतं. सरजाबाईचा मुराळी तिचा धाकटा भाऊ सटवाजी. आधी बैलगाडी घेऊन यायचा, पुढे कुणाची तरी मोटारसायकल मागून आणायचा. ज्या वर्षी भूकंप झाला त्या वर्षीही पंचमीला तो आला होता. तिनं गावातल्या कडुलिंबावर झोका खेळला, चार दिवस राहिली, त्यानंच तिला परत चाकूरला आणून सोडलं. मग गणपती बसले, उठले. गणपती बुडवून गाव झोपलं, आणि पहाटे घरंच माणसांवर आली. आई, सटवाजी, त्याची बायको, दोन लेकरं. त्या घरातलं कुणी राहिलं नाही.

पुढे सरकारनं आणि लोकांनी मिळून गाव दुसरीकडे वसवलं. सारख्या घरांच्या सरळ रांगा, घरांवर नंबर. त्यात सरजाबाईला ओळखीचं दार नव्हतं. जुन्या गावठाणात ढिगारे राहिले आणि त्यांवर बाभळी वाढल्या. एसटी नव्या गावाला जाते. जुन्या गावाला कशाला जाईल?

तर पंचमीच्या आदल्या दिवशी गल्लीतल्या सुनांचे भाऊ एकेक करून मोटारसायकलवर यायचे. सरजाबाई सगळ्यांसाठी लाह्या भाजायची, मुराळ्यांना चहा द्यायची. आपण गेलो तर डबे कोण देणार, असं हसून सांगायची. पण त्या दिवशी ती सकाळीच न्हाऊन नवं लुगडं नेसलेली असायची आणि भाजी चिरायला स्वयंपाकघरात न बसता दारात बसायची. एका वर्षी मी न राहवून विचारलं, कुणाची वाट बघताय? तर म्हणाली, कुणाची न्हाई, आसंच. मला फार राग आला. भाऊ मेला हे तिला काय कुणी नव्यानं सांगायचं होतं? आणि माहीत असून जी बाई दारात बसते तिला सांगायचं तरी काय? त्या दिवशी मी शाळेत विनाकारण एका वर्गाला उभं केलं.

भूकंपाला दहा वर्षं होत आली तेव्हा मेस बरी चालली होती आणि अण्णारावांनी गाडी घ्यायचं काढलं. नवी परवडणार नव्हती, जुनी मारुती व्हॅन बघू म्हणाले. सरजाबाईनं कधी नाही तो उत्साह दाखवला. तिला गाडीचं बाकी काही नव्हतं. पंचमीला आपल्या गाडीत बसून जुन्या गावठाणात जायचं आणि तो कडुलिंब उभा आहे का बघायचं, एवढंच तिच्या मनात होतं. कुणी न्यायला येत न्हाई तर आपलं आपण जावं, असं ती मला म्हणाली. मला वाटलं, बाई शहाणी झाली.

रिंग रोडला जुन्या गाड्यांचं एक दुकान होतं, धोंडप्पाचं. दोघं नवरा-बायको तिथं गेली. गाडी बघायच्या आधी सरजाबाईनं सवयीनं विचारलं, गाव कंचं? त्यानं गाव सांगितलं. तिचंच गाव. मग त्यानं तिच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाला, सटवाजीची सरजाक्का का तू? तो आणि सटवाजी एका वर्गात होते. तिच्या आईच्या हातचं धपाटं त्यानं खाल्लं होतं. कडुलिंबावरून ती पडली तेव्हा खांद्यावर घालून घरी आणणाऱ्यांत तो होता. सरजाबाई तिथंच एका टायरवर बसली आणि रडायला लागली, असं अण्णारावांनी मला नंतर सांगितलं. धोंडप्पाही रडला. त्याचाही बाप त्याच पहाटे गेला होता. तो खोटा रडला असं मी म्हणणार नाही.

एक पांढरी व्हॅन त्यानं दाखवली. नांदेड पासिंगची. एका डॉक्टरनं वापरलीय, घर ते दवाखाना, बाकी कुठं नाही, असं सांगितलं. चालवून बघितली, बरी चालली. अण्णाराव म्हणाले, ओळखीच्या मिस्त्रीला खालून दाखवतो आणि सांगतो. ते म्हणजे ट्रॅक्टर वापरलेला माणूस. दुधानं तोंड पोळलं की ताक फुंकून प्यायचं, हे त्यांना ठाऊक होतं.

पण मध्ये पंचमी आली. आणि पंचमीच्या आदल्या दिवशी ती पांढरी व्हॅन आमच्या गल्लीत येऊन उभी राहिली. धोंडप्पा उतरला. हातात बांगड्यांचा पुडा, घडीचं लुगडं. दारात भाजी चिरत बसलेल्या सरजाबाईला म्हणाला,

"सरजाक्का, चल. मुराळी आलाय."

तिचा चेहरा मला अजून दिसतो. ती हसली नाही की रडली नाही. विळी बाजूला सरकवली, हात धुतले आणि आत जाऊन पिशवी घेऊन आली. पिशवी भरायला वेळच लागला नाही. दहा वर्षं ती भरून ठेवत होती की काय कोण जाणे, मी विचारलं नाही. मेस अण्णाराव आणि माझ्यावर टाकून ती गेली. माझ्या हातचं जेवून पोरं त्या दिवशी लवकर ताटावरून उठली आणि अभ्यासाला लागली, एवढाच काय तो फायदा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो तिला परत आणून सोडून गेला. हातभर हिरव्या बांगड्या, ओटी भरलेली. नव्या गावात त्याच्या बायकोनं पुरणाची दिंडं करून घातली होती. मग धोंडप्पानं तिला जुन्या गावठाणात नेलं. कडुलिंब होता. बाभळीतून वाट काढत त्यानं दोर नेला आणि झोका बांधून दिला. पन्नाशीला आलेली बाई मला सांगत होती, की त्यानं झोका दिला, बाई, सटवाजी द्यायचा तसा, पाठीमागनं. ऐकता ऐकता मला काय झालं कुणास ठाऊक, त्या रात्री मी रेणुकादासला फोन करणार होते. केला नाही.

आता पुढचं सांगायला नको, पण सांगते. दोन दिवसांनी अण्णाराव मिस्त्रीला घेऊन निघाले तर सरजाबाईनं मिस्त्रीला चहा पाजून वाटेला लावलं. म्हणाली, "म्हायेरचं लुगडं उलटून बघत न्हाईत." अण्णारावांनी पैसे मोजायला घेतले. मी गप्प बसणारी नव्हे. निदान दुकानाची रीतसर पावती घ्या, म्हणून मी मागेच लागले. तेवढं तिनं माझ्यासाठी केलं. धोंडप्पाच्या कारकुनानं दुकानाच्या छापील पावतीवर गाडीचा नंबर घातला आणि खाली लिहिलं, गाडी जशी आहे तशी विकली. मी ते वाचून कपाळाला आठ्या घातल्या. सरजाबाई म्हणाली, भाऊ हाय, बाई, वकील न्हाई.

व्हॅन आली आणि पंधरवड्यातच डावीकडे ओढायला लागली. पुढची टायरं एका बाजूनं झिजली. मधलं दार कधी लागायचं, कधी लागायचं नाही. अण्णाराव स्वतःच ठोकठाक करायचे आणि बायकोपुढे बोलायचे नाहीत. सरजाबाई दर आठवड्याला गाडी धुवायची.

भाऊबीजेला ती अण्णारावांना घेऊन त्याच व्हॅननं नव्या गावी धोंडप्पाला ओवाळायला निघाली. ताट, निरांजन, करदोडा, त्याच्या पोरांना कपडे. औसा सोडून पुढे गेल्यावर एका खड्ड्यात गाडी आदळली, खालून मोठा आवाज झाला आणि दोघांच्या पायांखाली रस्ता दिसायला लागला. पत्रा मधून उलला होता. अण्णारावांनी कशीबशी गाडी कडेला घेतली. मागून ट्रक येत होता, तो चुकवून गेला. कुणाला लागलं नाही, हे नशीब. जवळच्या गॅरेजवाल्यानं सीट काढली, खालची चटई उचलली, तर या दारापासून त्या दारापर्यंत वेल्डिंगची आडवी रेघ. वर काळा रंग, त्यावर चटई. तो म्हणाला, वरून कीर्तन, आतून तमाशा. ही एक गाडी न्हाई, दोन हायत, पुढची एक अन् मागची एक. अण्णाराव वाकून बघत राहिले. सरजाबाईनं पुढे होऊन चटई जशी होती तशी पुन्हा अंथरली. मग दोघं एसटीनं लातूरला परतली. निरांजनातली वात कोरीच होती.

गाडी ओढून आणली आणि गल्लीच्या तोंडाशी उभी केली. आता माझा विषय आला. मी पदर खोचला. सरजाबाईला समोर बसवून सांगितलं, की जुनी वस्तू विकणाऱ्यालाही माहीत असलेला दोष लपवता येत नाही. जशी आहे तशी, असं लिहून घेतलं तरी जे चटईखाली झाकलंय ते घेणाऱ्यानं पत्करलं, असं होत नाही. जिल्हा ग्राहक मंचात साध्या कागदावर तक्रार करता येते, वकील लागतोच असं नाही, दोन वर्षांची मुदत असते, आणि आपल्याकडे पावती आहे. वर्गातसुद्धा मी इतकं चांगलं शिकवलं नसेल. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भावावर तकरार करत्यात का, बाई?" आणि उठून पीठ मळायला गेली. त्या दिवशी तिच्याशी बोलायचं नाही असं मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी तिनं शेंगदाण्याची चटणी पाठवली, मग कसलं काय.

चार-आठ दिवसांनी धोंडप्पा आपण होऊन आला. मी मेसमध्येच होते, चटणीचं भांडं परत द्यायला गेले होते. तो पाटावर बसला, सरजाबाईनं ताट वाढलं. गाडीचं त्यानं काही नाकारलं नाही. मिस्त्रीनं जोडून दिली होती, इतकी कच्ची निघेल असं वाटलं नव्हतं, म्हणाला. मग म्हणाला,

"अक्का, तुझं नुकसान मी होऊ देणार न्हाई. ही वापस नेतो, तुला दुसरी देतो. तू मिस्त्री आण, खालून-वरून बघून घे. ही जरा पक्की करून देतो लावून कुणाला तरी. जळकोटचा एक मास्तर मागं लागलाय."

अण्णारावांचा चेहरा उजळला. खरं सांगायचं तर मलाही वाटलं, चला, सुंठीवाचून खोकला गेला. माणूस मनापासून बोलत होता. बहिणीला फसवलं याचं त्याला वाईट वाटत होतं, आणि बहिणीचं भरून द्यायला तो आला होता.

सरजाबाई भाकरी वाढता वाढता थांबली. तिनं विचारलं, मास्तरला लेकरं हायत का? असतील की दोन-तीन, तो म्हणाला. त्याला सांगशील का, जोडलेली हाय म्हणून? धोंडप्पा हसला. सांगितल्यावर कोण घेतंय, अक्का, म्हणाला. तिनं भाकरी त्याच्या ताटात ठेवली, वर तूप घातलं, पोटभर जेवू दिलं. हात धुवायला पाणी दिलं. आणि तो निघाला तेव्हा म्हणाली, गाडी हितंच राहू दे. त्याला वाटलं, अक्का रुसलीय, निवेल. तो गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटेची भाकरी उरकून ती माझ्याकडे आली. तकरारीचा कागद कसा करायचा ते सांगा, म्हणाली. मी लगबगीनं कागद काढले. ती पायरीवर बसली होती. थोड्या वेळानं म्हणाली,

"त्यो मला न्यायला आल्ता, बाई. दहा वर्सात दुसरं कुणी आलं न्हाई."

मी पेन खाली ठेवलं. विचार बदलला का, असं विचारलं. तिनं मान हलवली. मास्तराची लेकरं बसतील त्यात, गाडी मोडूनच टाकाया लावा, म्हणाली. मग तिनं पदरानं तोंड झाकलं आणि हुंदके देऊन रडली. मी अशा वेळी फार निरुपयोगी बाई आहे. पाणी आणून दिलं आणि उभी राहिले.

तक्रार मी लिहिली, पण तिनं सांगितली. धोंडप्पा मुराळी म्हणून आला, चोळी-बांगडी केली, झोका बांधून दिला, हेसुद्धा लिहा म्हणाली. मी सांगितलं, याची कायद्याला गरज नाही, उलट नडेल. ते बी खरंच हाय की, म्हणाली. खरं ते सगळं लिहायचं, असा तिचा हट्ट. लिहिलं.

पुरावा हवा होता. मी रेणुकादासला फोन केला, दिवाळी नसताना. तो घाबरलाच, कुणी गेलं का, असं विचारलं. मग त्यानं नांदेडच्या आरटीओत खेटे घालून पहिला मालक शोधून काढला. डॉक्टर-बिक्टर कुणी नव्हता. मुदखेडचा हरिओम नावाचा फुलांचा व्यापारी. अण्णाराव आणि मी गेलो. घरात मोगऱ्याच्या पाट्या भरणं चाललं होतं. तो सरळ माणूस होता. म्हणाला, रेल्वे फाटकाजवळ ट्रकनं ठोकलं, पुढचं सगळं गेलं, मी तर भंगार म्हणून देऊन टाकली अन् तुम्ही लोक तिच्यात बसून राहिले का? तसं त्यानं प्रतिज्ञापत्र करून दिलं. तंत्रनिकेतनातल्या एका प्राध्यापकांनी गाडी तपासून अहवाल दिला. आमची बाजू पक्की झाली. परतताना रेणुकादास नांदेडच्या स्टँडवर सोडायला आला, आणि गाडी सुटेपर्यंत उभा राहिला. इतकी वर्षं मी म्हणत होते भाऊ कशाला लागतो. त्या दिवशी खिडकीतून त्याच्याकडे बघताना मला सरजाबाईचं सगळं दुःख एकदम कळलं.

मंचात तारखा पडल्या. शेवटी युक्तिवादाची तारीख आली. समोर अध्यक्ष आणि दोन सदस्य, त्यातल्या एक बाई. सरजाबाई मुद्दाम साधं लुगडं नेसून आली होती. धोंडप्पानं वकील दिला होता, आणि तो हुशार होता. गाडी जोडलेली नाही असं तो म्हणालाच नाही. तो म्हणाला, हा व्यापार नाहीच, घरातली देवघेव आहे. अर्जदारांनीच लिहिलंय, सामनेवाले मुराळी म्हणून गेले, चोळी-बांगडी केली, भाऊबीजेला या त्यांना ओवाळायला निघाल्या होत्या. भावानं बहिणीला आपल्याकडची गाडी दिली, बहिणीनं भावाच्या हाती काही ठेवलं. गाडी चांगली निघाली असती तर भाऊ, वाईट निघाली तर दुकानदार, असं कसं? बहीण ग्राहक होत नसते. हा दावा इथं चालूच शकत नाही.

मी पावती दाखवली, दुकानाचं नाव दाखवलं. अध्यक्षांनी ती बघितली, बाजूला ठेवली आणि चष्मा काढून सरजाबाईला विचारलं, बाई, तुम्हीच सांगा, हे तुमचे कोण?

ती उभी राहिली. धोंडप्पा पलीकडे उभा होता, तिच्याकडेच बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, राग नव्हता. अक्का आपल्याला टाकणार नाही, असा भरवसा होता. हळूच म्हणालासुद्धा, सांग की अक्का. मला तिचा हात दिसत होता. टेबलाची कड धरलेली. एवढंच बोलायचं होतं, आणि तेच तिला येत नव्हतं. भाऊ आहे म्हणाली असती तर दावा गेला असता, अडकलेल्या पैशांपायी व्हॅन आज ना उद्या धोंडप्पाकडेच परत गेली असती, जळकोटला गेली असती. आणि पंचमीला तो आला असता.

"मी ह्यांचं गिऱ्हाईक हाय," ती म्हणाली. "दुकानात गाडी घेतली, पैसे दिले. नातं न्हाई."

सदस्य बाईंना शेवटचं ऐकू गेलं नाही. लिहून घ्यायचं होतं. त्यांनी अगदी साधेपणानं सांगितलं, जरा मोठ्यानं बोला. सरजाबाईला ते पुन्हा म्हणावं लागलं.

"नातं न्हाई."

धोंडप्पानं मान खाली घातली.

निकाल आषाढात लागला. पैसे खर्चासह परत, आणि ती व्हॅन पुन्हा रस्त्यावर आणायची नाही, भंगारात मोडून तसं मंचाला कळवायचं. धोंडप्पानं अपील केलं नाही. पैसे भरायला तो मंचात आला त्या दिवशी आम्हीही तिथं होतो. मी आनंदात होते. कागद हाती पडल्याचा जो आनंद असतो, तो मला लहानपणापासून आहे. अण्णाराव आत सही करत होते. धोंडप्पा पायऱ्या उतरून चपला घालत होता. मी सरजाबाईला, चला, रिक्षा बघू, म्हणाले, तर ती माझ्याजवळ नव्हती. खाली त्याच्यासमोर उभी होती. तिनं विचारलं,

"धोंडप्पा, पंचमीला येशील का?"

तो तिच्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता काहीतरी लागेल असं बोलेल. पण त्याच्या आवाजात राग नव्हता.

"गिऱ्हाइकाकडं कोण मुराळी जातंय, बाई?" तो म्हणाला. अक्का म्हणाला नाही. चपलेत पाय सरकवला आणि गेटाबाहेर गेला.

सरजाबाई जराशी मान हलवून, बरं, म्हणाली. तो गेल्यावर म्हणाली.

रिक्षात मला राहवलं नाही. मी तिच्यावर चिडलेच. इतकं सगळं करून, जिंकून, कशाला विचारायला गेलात त्याला? तो काय म्हणणार ते तुम्हाला माहीत नव्हतं? स्वतःच्या तोंडानं नातं नाही म्हणालात ना दोनदा? अण्णाराव पुढे ड्रायव्हरजवळ बसले होते, ते मागे वळले नाहीत. सरजाबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. बाहेर क्लास सुटला होता, सगळा रस्ता पोरांच्या सायकलींनी भरला होता.

"मालूम होतं," ती म्हणाली. "पर इचारून ठेवलं, बाई. न्हाईतर जल्मभर वाटलं आसतं, आपण इचारलं न्हाई म्हणून त्यो आला न्हाई."